एमएच ३७ सातासमुद्रापार

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही, आणि वऱ्हाडाच्या या भागातून न्हावा-शेव्याच्या बंदरापर्यंत रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर भरते. तरीही इथला माल समुद्रापार जाण्याची रीत नवी नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे कारंज्यावरून धावू लागली, जिला पुढे लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या मापाच्या गाडीने मुंबईला आणि मुंबईहून बोटीने इंग्लंडच्या गिरण्यांकडे पाठवणे हेच तिच्या उभारणीमागचे मुख्य प्रयोजन होते. आज कापसाबरोबर सोयाबीनची पेंड, म्हणजे बाजाराच्या भाषेतली डीओसी, समुद्रापारच्या वाटेला लागते. या साऱ्या मालाचा एक समान गुण असा की त्याला स्वतःचे नाव नसते. एक क्विंटल पेंड दुसऱ्या क्विंटलसारखीच असते. प्रत जुळली, वजन जुळले की कोणती गोणी कोणत्या शिवारातली याची बंदरावर कोणी चौकशी करत नाही.

मोटारगाडी मात्र याच्या नेमकी उलट आहे. तिच्या सांगाड्यावर सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक कोरलेला असतो, इंजिनाला वेगळा क्रमांक असतो आणि शासनाच्या दप्तरी मालकाच्या नावासह तिची नोंद असते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा या दप्तरात ‘एमएच ३७’ या खुणेने ओळखला जातो, आणि ही खूण पाटीवर असलेली गाडी परदेशी पाठवायची म्हणजे एका राज्यसत्तेच्या वहीतून ती रीतसर बाहेर काढून दुसऱ्या सत्तेच्या वहीत कायमची किंवा तात्पुरती चढवायची. गाडीचा लोखंडी देह समुद्र ओलांडून नेण्याची अडचण मालपेटीने, म्हणजे ज्याला सगळे जण कंटेनर म्हणतात त्या लोखंडी डब्याने, जवळजवळ संपवली आहे. उरलेली आणि खरी अवघड अडचण तिच्या ओळखीची आहे.

कंटेनरच्या जन्मकथेतही कापसाच्या गाठी आहेत. अमेरिकेतील ट्रकव्यावसायिक माल्कम मॅक्लीन याने उत्तरायुष्यात अशी हकिकत सांगितली की १९३७ मध्ये कापसाच्या गाठी घेऊन तो न्यू जर्सीच्या बंदरावर गेला असता आपला ट्रक रिकामा होण्याची वाट पाहत त्याला दिवस काढावा लागला, आणि अख्खा ट्रकच उचलून बोटीत ठेवता आला तर काय होईल, हा विचार तेव्हा त्याच्या मनात आला. इतिहासकार या हकिकतीकडे थोड्या शंकेनेच पाहतात. शोध लागल्यानंतर शोधाच्या गोष्टी फार नेटक्या होतात, हे खरेच आहे. पुढचे मात्र नोंदलेले आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे मॅक्लीनचे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल हमालांकरवी चढवायला त्या काळी टनामागे सुमारे ५ डॉलर ८६ सेंट पडत, तर या पद्धतीत तो खर्च सोळा सेंटांच्या आत आल्याचा हिशेब तेव्हा मांडला गेला. कारंज्याची गाठ बैलगाडीतून वाघिणीत, वाघिणीतून मोठ्या वाघिणीत, तिथून गोदीच्या शेडमध्ये आणि शेडमधून बोटीच्या पोटात जाताना दर टप्प्यावर माणसांच्या पाठीवरून जात असे. पेटीने हे सारे मधले हात गाळून टाकले. पुढील दशकात पेटीची मापे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरली, आणि मग ट्रक, रेल्वे, यारी आणि जहाज या चौघांनीही आपापली रचना त्या मापांना जुळवून घेतली.

ही मापे गाडीच्या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. वीस फुटी पेटी बाहेरून ६.०५८ मीटर लांब, २.४३८ मीटर रुंद आणि २.५९१ मीटर उंच असते. आतली लांबी सुमारे ५.९ मीटर आणि रुंदी सुमारे २.३५ मीटर भरते. वाशिम जिल्ह्याच्या कोणत्याही बाजारगावात हमखास दिसणारी बोलेरो घेतली तर ती ३.९९५ मीटर लांब, १.७४५ मीटर रुंद आणि १.८८ मीटर उंच आहे. लांबीत जवळपास दोन मीटर जागा मोकळी राहते, उंचीतही अडचण नाही, पण रुंदीत दोन्ही बाजूंना मिळून साठ सेंटिमीटर, म्हणजे एकेका बाजूला जेमतेम वीतभर आणि चार बोटे एवढीच जागा उरते. परिणामी गाडी आत नेणाऱ्या चालकाला दार उघडून उतरता येत नाही. आरसे दुमडून, काच पूर्ण खाली करून गाडी हळूहळू आत घ्यायची, हॅण्डब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा आणि खिडकीतून अंग काढत भिंतीला घासत बाहेर यायचे, अशी कसरत बंदराजवळच्या गोदामांतून नित्य चालते. गाडीला मागे मोठे दार असेल तर काही जण आसने पाडून त्या वाटेने बाहेर पडतात. जिथे अशी कसरत नको असते तिथे गाडी आत ढकलतात किंवा दोराच्या चरकाने ओढून घेतात.

वजनाच्या बाबतीत चित्र पालटते. वीस फुटी पेटीत सुमारे अठ्ठावीस टन माल भरता येतो आणि बोलेरो दीड टनाच्या थोडी वरच असते. तांदळाची पेटी वजनाने भरते, गाडीची पेटी आकारमानाने भरते. पेटीच्या ताकदीचा सोळावा-सतरावा हिस्साही न वापरता तिचे पूर्ण भाडे मोजावे लागते. म्हणूनच व्यापारी लोक चाळीस फुटी, त्यातही २.८९६ मीटर उंचीची ‘हायक्यूब’ पेटी घेऊन तीत दोन गाड्या एकामागे एक, किंवा लोखंडी मांडणीवर तिरक्या चढवून तीन-चार गाड्या बसवतात. एकट्या कुटुंबाची एकटी गाडी हा या धंद्यातला सर्वांत महागडा प्रकार आहे, आणि उरलेल्या दोन मीटरांत घरसामान भरून भाड्याची वसुली करण्याचा मोह त्यामुळेच होतो. सामानाची वेगळी यादी करून, ते कस्टमला दाखवून भरले तर त्यात काही गैर नाही. डिकीत गुपचूप ठेवलेली लोणच्याची बरणी आणि पापडांची चळत मात्र पलीकडच्या बंदरावर अख्खी पेटी उघडायला लावू शकते, आणि उघडणी-तपासणीचा खर्च बरणीच्या मालकाच्याच माथी बसतो.

गाडी आत उभी राहिली म्हणजे काम झाले असे नाही. ती तिथेच उभी राहावी यासाठी बांधाबांध करावी लागते, जिला ‘लॅशिंग’ म्हणतात. समुद्रावर जहाज डावी-उजवीकडे डोलते, पुढे-मागे झुलते, वर-खाली होते, आणि या हालचालींचा जोर मालावर येतो. पेट्यांत माल कसा भरावा यासाठी तीन आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१४ मध्ये संयुक्तपणे स्वीकारलेल्या संहितेनुसार खुल्या, खवळणाऱ्या सागरांसाठी आडव्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि लांबीच्या दिशेने ०.४ पट जोर गृहीत धरावा लागतो. सोळाशे किलोच्या गाडीसाठी याचा अर्थ असा की वादळी रात्री तिला बाजूच्या भिंतीकडे सुमारे पावणेतेराशे किलोचा जोर ढकलत असतो, तोही एकदा नव्हे तर दर काही सेकंदांनी दिशा बदलून. पेटीची जमीन साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते, आणि तिच्या कडेच्या लोखंडी पट्ट्यांवर बांधणीसाठी कड्या असतात. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ओंडके ठोकतात आणि कड्यांतून नेलेले पट्टे चाकांवरून आवळतात.

पट्टे चाकांवरून का आणि चासीवरून का नाही, यामागे गाडीचीच रचना आहे. चासी आणि चाके यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. पट्टा चासीला बांधून कितीही ताणला तरी जहाजाच्या हेलकाव्याबरोबर स्प्रिंग दबते, क्षणभर पट्टा सैल पडतो, आणि पुढच्याच हेलकाव्याला त्या सैलपणातून हिसका बसतो. असे हजारो हिसके बसले की पट्टा कडीतून निसटतो किंवा कडीच उखडते. चाक बांधले तर स्प्रिंगेला आपल्या मनाप्रमाणे हलता येते आणि गाठ मात्र जागची हलत नाही.

टाकीतले इंधन हा पुढचा मुद्दा. जहाजावरून धोकादायक माल नेण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिच्या नऊ वर्गांपैकी शेवटच्या, म्हणजे ‘इतर धोकादायक वस्तू’ या वर्गात मोटारगाडी मोडते. पेट्रोल किंवा डिझेलची गाडी बंद पेटीत घालताना टाकी पाव हिश्शाहून जास्त भरलेली नसावी, गळती नसावी आणि बॅटरीच्या जोडण्या अशा सुरक्षित कराव्यात की ठिणगी पडणार नाही, अशा अटी असतात. टाकी अगदी कोरडीठाक करणेही सोयीचे नसते, कारण पलीकडच्या बंदरावर गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर यायची असते. विजेच्या गाड्यांना आता लिथियम बॅटरीच्या स्वरूपानुसार स्वतंत्र क्रमांक मिळाले आहेत, आणि बॅटरीच्या आगी विझवणे किती कठीण हे लक्षात आल्यापासून जहाज कंपन्या त्या गाड्यांबाबत अधिक प्रश्न विचारू लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ हे सुमारे चार हजार गाड्या नेणारे जहाज अझोर्स बेटांजवळ पेटले आणि १ मार्च रोजी बुडाले, ही घटना या व्यवसायाच्या स्मरणात ठळक आहे.

ते जहाज मालपेट्यांचे नव्हते, गाड्या चालवत आत नेण्याच्या प्रकारातले होते, ज्याला ‘रो-रो’ म्हणजे चाकांवर चढा, चाकांवर उतरा असे नाव आहे. तरंगता बहुमजली वाहनतळ म्हणजे रो-रो जहाज. चाकण परिसरातल्या कारखान्यांतून मुंबई बंदराकडे जाणाऱ्या नव्या गाड्या बहुतांशी अशाच जहाजांतून जातात. तळेगावच्या कारखान्यातली जनरल मोटर्स ही कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवूनही पुढची काही वर्षे केवळ निर्यातीसाठी गाड्या बनवत होती. हजारो एकसारख्या गाड्या एकाच बंदरी उतरवायच्या असतील तर रो-रोला तोड नाही. मात्र एकच वापरलेली गाडी, दूरचे आणि लहान बंदर, वाटेत जहाजबदल आणि चोरीची धास्ती असेल तर कुलूपबंद पेटी बरी पडते, कारण पेटीच्या दाराला लावलेले जाड खिळ्याचे सील कापल्याशिवाय आतल्या आरशाला किंवा टेपला कोणाचा हात लागत नाही.

वाशिमहून गाडी बंदराकडे नेण्याचा मार्ग अलीकडे बराच सोपा झाला आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा सुमारे ९७ किलोमीटरचा भाग या जिल्ह्यातील कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पुढे भिवंडी-पनवेलच्या बाजूने उरण तालुक्यात उतरले की जवाहरलाल नेहरू बंदर लागते, जे १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज वीस फुटी पेट्यांच्या हिशेबाने वर्षाला सत्तर लाखांहून अधिक पेट्या हाताळते. सर्वसामान्यांच्या तोंडी मात्र ते न्हावा-शेवाच राहिले आहे. गाडी थेट धक्क्यावर नेत नाहीत. द्रोणागिरी आणि आसपासच्या पट्ट्यात ‘सीएफएस’ नावाची जी मोठी आवारे आहेत, म्हणजे बंदराबाहेर कस्टमच्या देखरेखीखाली पेट्या भरण्याची आणि रिकाम्या करण्याची गोदामे, तिथे ती उतरवतात, तिथेच पेटी भरतात आणि भरलेली पेटी ट्रेलरवर चढवून बंदराच्या फाटकातून आत नेतात. फाटकातून आत जाण्याच्या परवान्याला वाहतूकदार अजूनही ‘फॉर्म १३’ म्हणतात, आणि जहाज सुटण्याआधी ठरलेल्या वेळेत, म्हणजे ‘कटऑफ’च्या आत, तो झाला नाही तर पेटी पुढच्या जहाजावर जाते. १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या पेटीचे तपासलेले एकूण वजन कळवणे जगभर बंधनकारक आहे. खोट्या वजनांमुळे जहाजावरचे पेट्यांचे मनोरे कोसळण्याचे प्रकार घडल्यानंतर हा नियम आला.

यानंतर कागदपत्रे, आणि इथे पेंड आणि गाडी यांतला फरक पुरता उघडा पडतो. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर नोंदणीपुस्तकावरचा बोजा ‘फॉर्म ३५’ देऊन आधी उतरवावा लागतो, कारण कर्ज देणाऱ्या संस्थेचा हक्क असलेली वस्तू देशाबाहेर नेणे म्हणजे तारण पळवणेच होय. कर आणि चलने यांची बाकी नसल्याची व गाडी चोरीची नसल्याची खातरजमा होऊन वाशिमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची ना-हरकत लागते. त्यानंतर क्लिअरिंग एजंट, ज्याला कायद्यात कस्टम्स ब्रोकर म्हणतात, सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम ५० खाली ‘शिपिंग बिल’ दाखल करतो; हे निर्यातीचे जाहीरपत्र असते. कस्टमचा अधिकारी गाडीच्या सांगाड्यावरचा चासी क्रमांक कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहतो आणि समाधान झाल्यावर कलम ५१ प्रमाणे निर्यातीची मोकळीक देतो. जुन्या गाड्यांवर चासी क्रमांक गंजलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर इथेच गाडी अडते. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत बारा-पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीच्या बाबतीत ही शक्यता काल्पनिक नव्हे. १९५० पूर्वीच्या जुन्या, संग्राह्य गाड्यांच्या निर्यातीवर तर वेगळेच निर्बंध आहेत.

भारतातून सुटका झाली तरी पलीकडच्या देशाने गाडीला स्वीकारले पाहिजे, आणि तिथे पहिला निकाल सुकाणूचे चाक कोणत्या बाजूला आहे यावरून लागतो. भारतीय गाडीचे चाक उजवीकडे असते. आखाती देशांत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, गाडीचे चाक डावीकडे हवे असते, आणि तिथे उजव्या चाकाची गाडी कायमची नोंदवून घेण्याला वावच नसतो; त्यामुळे दुबई, मस्कत किंवा दोह्यात नोकरीला असलेल्या वऱ्हाडी कुटुंबाला घरची गाडी तिथे नेण्याचा विचार सोडूनच द्यावा लागतो. अमेरिकेत चाकाच्या बाजूपेक्षा सुरक्षेची मानके आडवी येतात: तिथल्या मानकांनुसार न बनवलेली गाडी पंचवीस वर्षांची झाल्यावाचून साधारणतः आत येऊ शकत नाही, आणि कॅनडात हीच मर्यादा पंधरा वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये चाकाची बाजू जुळते. तिथे कायमचे राहायला जाणाऱ्याने गाडी किमान सहा महिने स्वतः बाळगून वापरलेली असेल आणि इतर अटी पुऱ्या होत असतील तर आयातकरात सवलत मिळते, पण नोंदणीसाठी तिथल्या तपासण्यांतून जावेच लागते. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा, टांझानिया इथे चाक उजवीकडेच असते, मात्र केनियाने वापरलेल्या गाडीला आठ वर्षांची मर्यादा घातली आहे. थोडक्यात, ज्या देशांत मराठी माणसे मोठ्या संख्येने आहेत त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी वाशिमची गाडी पोचू शकते, पण चालू शकत नाही.

ऑस्ट्रेलियाची हरकत आणखी वेगळी आणि वाशिमच्या दृष्टीने मोठी मजेशीर आहे. त्या देशाला बाहेरच्या किडी, रोग आणि तणांची इतकी धास्ती आहे की आयात होणाऱ्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या बाजूची माती, रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि टायरच्या खाचांतले बी हे सारे तपासले जाते, आणि काही सापडले तर मालकाच्या खर्चाने गाडी पुन्हा धुतली जाते. मंगरुळपीरच्या पांदण रस्त्याने शेतात गेलेल्या गाडीच्या पोटाशी चिकटलेली काळी माती वाळल्यावर दगडासारखी होते आणि साध्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही, हे त्या भागातल्या कोणत्याही धुलाई केंद्रावर कळते. त्या मातीत गाजरगवताचे बी असण्याची दाट शक्यता असते, आणि गाजरगवत ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे. या गवताने भारतात प्रवेश केला तोही आयात मालाबरोबरच असे मानले जाते. १९५० च्या दशकात पुण्यात ते प्रथम नजरेस आले आणि मग त्याने महाराष्ट्राचे बांध व्यापले. ऑस्ट्रेलियाची काळजी अनाठायी आहे असे म्हणणे निदान या राज्यातल्या शेतकऱ्याला तरी शोभणार नाही.

समुद्रप्रवासात गाडीला पाण्याचा त्रास होतो तो बहुधा बाहेरून नव्हे, आतून. मे महिन्यातली तापलेली हवा, ओलसर लाकडी ओंडके आणि घाईत धुऊन न वाळवलेली गाडी अशी पेटी बंद झाली आणि पुढे ती थंड पाण्यात शिरली की पेटीच्या छतावर आतल्या बाजूने दव साठते आणि ठिबकू लागते. या व्यवसायात त्याला ‘कंटेनरमधला पाऊस’ म्हणतात. आठवडेन् आठवडे बंद राहिलेल्या गाडीच्या आसनांवर त्यामुळे बुरशी चढते. ती टाळायला कोरडे लाकूड, कोरडी गाडी आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या एवढे उपाय पुरतात.

विम्याचा विषय निघाला की लोक गाडीला खरचटण्यापुरताच विचार करतात. सागरी व्यापारातली एक फार जुनी प्रथा मात्र त्यांना ठाऊक नसते. जहाज आणि त्यावरचा सर्व माल वाचवण्यासाठी हेतुपुरस्सर केलेला त्याग किंवा खर्च सर्व मालधन्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, या तत्त्वाला सामायिक हानी म्हणता येईल. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे प्रचंड जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, सहा दिवसांनी सुटले, आणि त्यानंतर जहाजमालकाने सामायिक हानी जाहीर केली. परिणामी ज्यांच्या मालाला ओरखडाही आला नव्हता त्यांनाही हमी दिल्याखेरीज आपली पेटी मिळेना. मालाचा विमा असलेल्याची ही हमी विमा कंपनी देते, नसलेल्याला रोख रक्कम ठेवावी लागते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे न्हावा-शेव्याहून युरोपकडे जाणारी अनेक जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालू लागली, आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. गाडीच्या मालकाला तो विलंब गृहीत धरून पलीकडच्या बंदरावरची आपली सोय करावी लागते, कारण पेटी ठरल्यापेक्षा जास्त दिवस अडवून ठेवली तर रोजचा दंड चढत जातो.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणणे, याहूनही दुर्घट आहे. गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे चाक उजवीकडे असावे, दिवे डाव्या बाजूच्या वाहतुकीला जुळणारे असावेत, ती मुंबईच्या बंदरातूनच आत यावी, अशा अटी आहेत आणि वर आयातीचा एकूण कर गाडीच्या किमतीच्या घरात किंवा त्याहून पुढे जातो. आखातातून परतणारा माणूस म्हणूनच गाडी तिथेच विकून येतो.

नोंदणी न बदलता गाडी जगभर फिरवून परत आणायची असेल तर मात्र एक वेगळी वाट आहे, आणि स्वतःच्या गाडीने देशोदेशी फिरणारे बहुतेक भारतीय प्रवासी तिचाच आधार घेतात. ‘कार्ने’ नावाची एक पुस्तिका असते, ज्याला गाडीचे पारपत्र म्हटले तरी चालेल. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारावर ती आधारलेली आहे आणि भारतात मोटारवाल्यांच्या संघटना ती देतात, ज्यांत मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था आहे. गाडी ज्या देशांत जाणार त्या देशांच्या आयातकराचा अंदाज घेऊन मालकाकडून बँकेची हमी घेतली जाते. काही देशांसाठी ती रक्कम गाडीच्या किमतीलाही ओलांडून जाते. वर्षभर चालणाऱ्या या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात: देशात शिरताना तिथला कस्टम अधिकारी एक तुकडा फाडून ठेवतो, बाहेर पडताना दुसरा फाडला जातो, आणि तिसऱ्यावर दोन्ही वेळचे शिक्के उमटून तो पुस्तिकेतच राहतो. गाडीच्या मागे ‘आयएनडी’ ही अक्षरे असलेली लंबवर्तुळाकार चकती लागते, नोंदणी वाशिमचीच राहते, आणि पाटीवर देवनागरीत ‘दादा’ किंवा ‘मामा’ असा घाट घातलेले अंक असतील तर ते मात्र आधी बदलावे लागतात. खरे तर ते महाराष्ट्रातही नियमात बसत नाहीत.

पुस्तिकेची खरी कसोटी शेवटी लागते. गाडी परत आल्यावर तिसऱ्या तुकड्यांवरचे सर्व शिक्के मोजले जातात, आणि शिरल्याचा शिक्का आहे पण बाहेर पडल्याचा नाही असे एखाद्या देशाचे पान निघाले तर गाडी तिथेच विकली गेली असे धरून तो देश हमीवर दावा लावू शकतो, जरी ती गाडी त्या वेळी वाशिमच्या अंगणात उभी असली तरी. अशा वेळी गाडी मायदेशी परतल्याचा दाखला, म्हणजे कस्टम अधिकाऱ्याने गाडी प्रत्यक्ष पाहून आणि चासी क्रमांक ताडून दिलेले प्रमाणपत्र, संघटनेमार्फत त्या देशाकडे पाठवावे लागते, आणि ते मान्य झाल्यावरच बँकेची हमी मोकळी होते.